नत्थूजीचं नाक आणि सुधाबाईची तहान

सौसरच्या बाजारातून जामसांवलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक घर आहे. पुढच्या खोलीत पूजेच्या सामानाचं दुकान, मधे सैपाकघर, आणि मागं एक लांबट खोली, तिच्या खिडकीला कूलर. घर नत्थूजीचं, दुकान त्यांच्या बायकोचं, सुधाबाईचं. मागची खोली कोणाची, तेच तर सांगायचं आहे.

नत्थूजी बिजली ऑफिसात लाइनमन होते. माणूस कडक. नाकावर माशी बसू देणार नाही असा. लाइन बंद झाल्याची पक्की खात्री झाल्याशिवाय खांबाला हात लावायचा नाही, मग गाव अंधारात राहो की साहेब बोंबलो. एकदा भर लग्नात बत्ती गेली. मांडवात नवरदेव घामानं निथळून राहिला होता, नवरीचा मामा अक्षरशः पाया पडला, तरी हा बाबा खांबाखाली हात बांधून उभा. "वरून सांगतल्याशिवाय चढत नाही." लोकांनी शिव्या दिल्या. पण खरं सांगायचं तर त्या कडकपणामुळेच ते पेन्शनपर्यंत जिते राहिले. त्यांच्या बरोबरीचा एक जण घाईघाईत तारेला चिकटला होता, त्याला खाली उतरवणारे नत्थूजीच होते. त्या दिवसापासून नियम म्हणजे नियम, हे त्यांच्या हाडात बसलं.

मग सुधाबाईची किडनी गेली.

नागपूरला नेणं, मशीनवर रक्त धुणं, परत आणणं, सगळं नत्थूजीनं केलं. सेवेत कसूर म्हणून नाही. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, पाणी मोजून द्या, जास्त झालं तर छातीत भरते. झालं! नत्थूजीनं एक स्टीलचा पेला काढला आणि त्या पेल्यानं बायकोचं पाणी बांधून टाकलं. उन्हाळा आमच्याकडचा कसा असतो ते काय सांगायचं? चैत्रातच भिंतींना हात लावला तर चटका बसतो. सुधाबाई कूलरसमोर खाटेवर पडून कोपऱ्यातल्या माठाकडं पाहत राहायची.

"बर्फाचा तुकडा द्या ना जी, नुसता चोखते."

"बर्फ म्हणजे पाणीच होय."

कधी ती हसायची. म्हणायची, "तुमच्या हातात नर्मदा दिली असती तर तिलेही मीटर लावलं असतं तुम्ही."

शेवटच्या दुपारी मात्र ती हसली नाही. "अहो, एक घोट," म्हणाली.

"संध्याकाळी."

"आता द्या. संध्याकाळचं कापून घ्या."

"संध्याकाळी म्हणलं ना."

तेवढ्यात पुढं दुकानात कोणी नारळ मागायला आलं. नत्थूजी नारळ देऊन परतले, तोवर सुधाबाई गेली होती. मान माठाकडं वळलेली, तोंड थोडं उघडं, आणि ओठ पांढरे पडलेले. कूलर आपला घरघर करत होता. पेला खिडकीत पालथा होता.

अंगणात माणसं जमली. शेजारचे रामाजी, गावात कोणाकडं मौत झाली की पोथी घेऊन बसणारे, नत्थूजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रडू नोको नत्थू. नातलगाचे आसू, नाकाचं पाणी, जे काही खाली पडते ते मेलेल्या जीवाले प्यावं लागते. मर्जीनं नाही, जबरदस्तीनं. शास्त्रच हाय तसं."

दुसऱ्या कोणी हे ऐकून सोडून दिलं असतं. नत्थूजीसाठी तो नियम झाला. त्यांनी एक टिपूस गाळला नाही. पोरगी प्रणाली पांढुर्ण्याहून आली, आईच्या अंगावर पडून हंबरडा फोडला, आणि बाप तिला म्हणाला, "बाजूले हो. मायवर पाणी पाडू नोको." प्रणालीला वाटलं, केवढं हे दगडाचं काळीज! पुढं बरेच दिवस ती बापाशी नीट बोलली नाही.

पुढच्याच महिन्यात अखजी आली. अक्षयतृतीयेला आमच्याकडं गेलेल्या माणसांच्या नावानं नवा घट भरतात, त्यात वाळा घालतात, पत्रावळीवर रस-कुरडई-चिंचवणी वाढतात. भर उन्हाळ्यात पितरांनी तहानलेलं राहू नये, एवढाच त्यातला अर्थ. नत्थूजी घट आणायला निघाले तर रामाजी आडवे आले. "वर्ष झाल्याबिगर घट भरत नसते. अजून थे पितरांत मिळाली नाही." त्यांच्या भावकीत तशी रीत होतीच. नियम पडला मधात. नत्थूजी रिकाम्या हातानं घरी आले.

आणि त्याच दुपारी सुरू झालं.

बाहेर आग बरसत होती. नत्थूजी उन्हातून थेट मागच्या खोलीत शिरले. खाट केव्हाच उचलली होती, जागा तेवढी मोकळी ठेवली होती. कूलर चालू होता, ओल्या ताट्यांचा तो गार वास खोलीभर. ते तिथं वाकून खाली पडलेला टॉवेल उचलायला गेले, आणि नाकातून टप् करून एक थेंब पडला. बरोबर खाटेच्या जागेवर. मग दुसरा. सर्दी नाही, शिंक नाही, नाकात खाज नाही, अंग तापलेलं नाही. आणि थेंब कसला, तर माठातलं असावं तसं निर्मळ, पातळ पाणी. नत्थूजी फरशीकडं पाहत राहिले. उन्हाळ्याची फरशी ती, बघता बघता थेंब आटला. त्यांना मात्र वाटलं की कोणीतरी पिऊन टाकला.

तुम्ही म्हणाल, हात्तिच्या, नाक गळलं तर त्यात एवढं काय? बरोबर आहे. पण ज्याच्या कानात रामाजीचं ते वाक्य बसलं होतं त्याला विचारा.

यानंतर ते पाणी वेळ साधून येऊ लागलं. सुधाबाईच्या हातचं मिरचीचं लोणचं बरणीत उरलं होतं. गरम वरणभातासोबत त्याची फोड जिभेवर ठेवली की नाक वाहायला लागे, घास संपला की थांबे. तिची लुगड्यांची पेटी उघडली, डांबरगोळ्यांचा वास आला, की थेंब. दुकानात तिच्या स्टुलावर बसून अगरबत्तीचा पुडा फोडला, की धारच. शेजारणीशी बोलताना सहज तिचा विषय निघाला तरी नाक भरून यायचं. पण बाजारात गेले, मित्राच्या बागेत संत्र्याच्या झाडाखाली बसले, बँकेच्या रांगेत उभे राहिले, तर नाक ठणठणीत कोरडं. माणसाने काय समजावं? जिथं ती, तिथंच पाणी.

नत्थूजीच्या डोक्यात दोन विचार भांडत होते. एक म्हणायचा, ती तहानेली आहे, म्हणून ओढून राहिली. दुसरा म्हणायचा, अरे, तू तिला साधं पाणी दिलं नाहीस, आणि आता हे पाजून राहिलास? हा दुसरा विचार आला की त्यांची अन्नावरची वासना उडायची.

मग त्यांनी आपल्या पद्धतीनं बंदोबस्त केला. थेंब खालीच पडला नाही तर प्यायची जबरदस्ती कशी होईल? दुकानात वातींसाठी कापूस होता, चांगला पांढरा, याच मुलखातला. त्याचे बोळे करून ते खिशात ठेवू लागले. थेंब आला की कापसात टिपायचा, बोळा उन्हात वाळवायचा आणि मग चुलीत टाकायचा. गिऱ्हाईक उदबत्ती मागून राहिलंय आणि नत्थूजी पाठ फिरवून कापूस दाबून राहिलेत, असं चाललं. बायका आपसात म्हणू लागल्या, "सुधाबाईच्या मागं बुढ्याचं काही खरं नाही वो."

मेडिकलवाल्याकडून नाकात घालायचे थेंब आणले. पहिल्यांदा घातले आणि काय सांगू, क्षणात नाक मोकळं! नत्थूजीला वाटलं सुटलो. पण औषधाचा जोर ओसरला की नाक गच्च. पुन्हा थेंब, पुन्हा गच्च. होता होता खिशात कापूस आणि बाटली दोन्ही राहायला लागलं. आता पाणी कमी गळे, पण नाकानं श्वासच जाईना. कधी ही नाकपुडी बंद, कधी ती. झोप लागली की तोंड आपोआप उघडायचं.

आणि त्यातून तिसरंच उपटलं. दुपारची डुलकी झाली की नत्थूजी तहानेनं जागे व्हायचे. साधी तहान नाही. जीभ टाळूला चिकटलेली, ओठ पांढरे, घशात काटे. तांब्यावर तांब्या पाणी पिऊनही तोंड ओलं होत नसे. आरशात पाहिलं तर ओठ अगदी तिच्यासारखे. थोडंसं उघडं तोंडसुद्धा. नत्थूजीनं आरसा भिंतीकडं फिरवून ठेवला. बाईची तहान आता घरात नव्हती, त्यांच्या तोंडात येऊन बसली होती.

रामाजीला सांगितलं तर ते घाबरलेच. "बापा! हे काही बरं लक्षण नाही. जामसांवलीले जाऊन ये. मारुतीपुढं बस."

नत्थूजी शनिवारी गेले. गर्दी मायंदाळ. कोणी मानता फेडायला आलेलं, कोणी दुखणाईत माणसाला धरून आणलेलं. नारळ, तेल, शेंदूर, कापूर, धूप, माणसांचा घाम, सगळ्यांचा मिळून एक दाट वास. रांगेत उभं राहायचा अवकाश, नत्थूजीचं नाक असं सुटलं की कापूस पुरेना. आजूबाजूची माणसं सरकली. देवाजवळ आल्यावर ज्याला असं होते त्याला लोक झपाटलेला समजतात, हे नत्थूजीला माहीत होतं. त्यांनीच आजवर दुसऱ्यांकडं तसं पाहिलं होतं.

शेजारी एक अनोळखी बाई बसली होती, केस सुटलेले, नजर कुठंतरी पार पलीकडं. ती नत्थूजीकडं न पाहता म्हणाली, "भाऊ, तुमच्या मागच्या बाईले पाणी द्या ना. कवाची उभी हाय."

नत्थूजीनं मागं वळून पाहिलं. रांगेत बायका होत्या, पुष्कळ होत्या. कोणीही असेल. पण त्यांना पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. दर्शन न घेताच ते बाहेर पडले, आणि घरापर्यंत एकदाही मागं पाहिलं नाही. उन्हात आपली सावली पुढं पडते की मागं, हेसुद्धा पाहिलं नाही.

पावसाळा, हिवाळा असेच गेले. थंडीत सकाळी दार उघडलं की गार वारा लागून नाक सुरू, चहाचा पहिला घोट घेतला की सुरू. नत्थूजी अर्धे झाले. सुधाबाईचं वर्षश्राद्ध जवळ आलं, तशी प्रणाली तयारीसाठी पांढुर्ण्याहून आली. ती तिथं शाळेत शिकवते. बापावरचा राग अजून पुरता गेला नव्हता, पण माय नाही म्हटल्यावर करणार कोण?

दुपारची वेळ. पुढचं दुकान उघडंच, कोणी नाही. "बाबूजी?" सैपाकघरात कोणी नाही. तिनं मागच्या खोलीचं दार ढकललं.

खाटेच्या जागी, उघड्या फरशीवर, नत्थूजी उताणे पडले होते. हात सरळ बाजूला. तोंड उघडं. ओठ पांढरे. आणि दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे.

प्रणालीनं अशी किंकाळी फोडली की रस्त्यावरची माणसं धावत आली. मायला तिनं याच जागी असंच पाहिलं होतं, फक्त तेव्हा कापूस नंतर घातला होता. ती दाराला धरून मटकन खाली बसली, तेवढ्यात मुडद्यानं डोळे उघडले आणि घोगऱ्या आवाजात म्हटलं, "पाणी."

जमलेल्यांतली एक म्हातारी तर चप्पल सोडून पळाली.

स्वतःला सावरून, पाणी पाजून, लोकांना घालवून प्रणालीनं बापाला समोर बसवलं. "हे काय करून राहिले तुम्ही?" आणि मग नत्थूजीनं सगळं सांगितलं. पेला, शेवटची दुपार, रामाजीचं बोलणं, झोपेतही थेंब पडू नये म्हणून नाकात कोंबलेला कापूस, ती रांगेतली बाई. सांगताना नाक वाहत होतं, डोळे कोरडे होते. प्रणाली ऐकता ऐकता रडायला लागली. वर्षभर ती ज्याला दगड समजत होती, तो हा होता. "चला," ती म्हणाली, "आजच्या आज पांढुर्ण्याला."

"डॉक्टरचं काम नाही वं हे."

"कोणाचं काम आहे ते मी ठरवीन. नियमच समजा माझा."

पांढुर्ण्यात डॉक्टर हिमानीचा दवाखाना आहे, नाक-कान-घशाचा. पोरगी तिथलीच, संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या घरातली, त्यामुळे बोलायला मोकळी. तिनं दुर्बीण घालून नाक पाहिलं, हातावर बारीक बारीक टोचून ॲलर्जीची तपासणी केली. हातावर धुळीची, परागांची, कशाचीच गांधी उठली नाही.

"काकाजी, डोळ्यांतून पाणी येते का? खाज?"

"नाही."

"कधीच नाही?"

"बायको मेली तेव्हाही नाही आलं," नत्थूजी म्हणाले.

हिमानीनं दुर्बीण बाजूला ठेवली. मग म्हणाली, "ॲलर्जी असती तर शिंकांवर शिंका आल्या असत्या, नाक-डोळे खाजले असते. तुमचं तसं नाही. याला व्हॅसोमोटर ऱ्हायनायटिस म्हणतात. नाकात रक्ताच्या बारीक नळ्या असतात, त्यांचा लगाम सैल झाला की नाक उगाच गळते, नाहीतर फुगून बंद होते. आता पाहा, उन्हातून कूलरच्या हवेत गेलं की गळते, हा हवामान बदलायचा प्रकार. अगरबत्ती, डांबरगोळी, अत्तर, धूर यानं गळते, तो वासाचा. तिखट, गरम खाल्लं की गळते, तो जेवणाचा. मनावर ताण आला तरी गळते. वय झालं की यातलं सगळंच वाढते. आणि वरून तुम्ही ते मेडिकलचे थेंब मनानं इतके दिवस घातले, त्यानं नाक अजून चिडलं, हा एक प्रकार तुम्ही स्वतः कमावला." ती हसली. "लोकांना एखादा असते, तुम्ही तर सगळंच दुकान उघडून बसले."

नत्थूजी हसले नाहीत. "पण माझ्या दुकानात तर थे जिती होती तेव्हाही अगरबत्ती होती."

"तेव्हा तुम्ही बसत होते का दुकानात?"

नाही. तेव्हा दुकानात ती बसायची. नत्थूजी गिऱ्हाईक आलं तर एखादा नारळ काय तो उचलून द्यायचे. पेटी ती उघडायची. कूलरसमोर ती पडायची. ती गेल्यावर तिच्या जागांवर हे येऊन बसले, एवढंच झालं होतं.

"अन् तहान?" नत्थूजीनं दबक्या आवाजात विचारलं.

"नाक बंद, म्हणून तोंडानं श्वास. रात्रंदिवस तोंड उघडं ठेवलं तर लाकूडही सुकते, काकाजी."

मग नत्थूजीनं तो प्रश्न विचारला, जो वर्षभर कोणाला विचारला नव्हता. "मॅडम, हे पाणी जाते कुठं? खाली पडते थे थोडंसंच. बाकीचं कोण पिते?"

प्रणालीनं मान खाली घातली. हिमानीला मागचं पुढचं काही माहीत नव्हतं. ती सहज बोलून गेली, "कोण पिणार? नाकाच्या मागून घशात उतरते ना ते. तुम्ही सारखं खाकरून राहिले ते कशानं? ते पाणी तुम्हीच पिऊन राहिले, काकाजी. दुसरं कोणी नाही."

नत्थूजी खुर्चीत मागं रेलले. त्यांचा चेहरा कसा झाला ते प्रणाली आजही सांगते. वर्षभराचं ओझं उतरलेल्या माणसाचा चेहरा, आणि त्याच वेळी घरातलं शेवटचं माणूस उठून गेल्यासारखा.

मेडिकलचे थेंब बंद झाले. मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, एक वेगळा फवारा, आणि उन्हातून आल्यावर थोडं सावलीत थांबून मग कूलरपुढं जाणं. सुरुवातीचे दिवस जड गेले, मग नाक उघडलं. झोप लागू लागली. तहान गेली. अगरबत्तीचे पुडे आता दुकानाबाहेरच्या कपाटात गेले. लोक म्हणाले, बुढा सुधारला.

नत्थूजी मात्र मागच्या खोलीत जाऊन उभे राहत. वाकून पाहत. नाक कोरडं. लोणच्याची शेवटची फोड खाल्ली, डोळे मिटून वाट पाहिली. काही नाही. भीती गेली होती, आणि तिच्याबरोबर सुधाबाईही. फक्त एक गोष्ट जागची हलली नव्हती. ते पाणी तिनं प्यायलंच नव्हतं. म्हणजे त्या दुपारपासून आजपर्यंत तिच्या घशाखाली एक थेंबही गेला नव्हता. ती तशीच होती, मान माठाकडं वळवून.

वर्षश्राद्ध झालं आणि लागूनच अखजी आली. या खेपेला आडवं यायला रामाजीकडं काही नव्हतं. प्रणाली आली होती, रस काढला होता, चिंचवणी केली होती. घट अंगणात मांडायची रीत. नत्थूजीनं नवा कोरा घट उचलला आणि सरळ मागच्या खोलीत नेऊन खाटेच्या जागी ठेवला. रामाजी काही बोलणार, तर प्रणालीनं त्यांना हातानं गप्प केलं.

कूलर बंद होता. भर दुपार, बाहेर चिटपाखरू नाही. नत्थूजी खाली बसले. वाळा घातला. खिडकीत वर्षभर पालथा पडलेला तो स्टीलचा पेला त्यांनी हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि बाजूला सरकवून दिला. मग पाण्याची बादलीच उचलून घट काठोकाठ भरला.

"सुधाले पाणी," ते म्हणाले.

खोलीत आवाज आला.

बारीक, ओढून घेतल्यासारखा. सुर्र्, मग थांबून पुन्हा सुर्र्. प्रणालीच्या अंगावर काटा आला. रामाजी उंबऱ्याबाहेर सरकले. कोरी माती पाणी ओढते तेव्हा असा आवाज होतो, हे कोणाला माहीत नाही? तिघांनाही माहीत होतं. पण त्या दुपारी, त्या जागी, तो आवाज मातीचा वाटत नव्हता. काठोकाठ भरलेलं पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत बोटभर खाली गेलं.

"पी," नत्थूजी म्हणाले. "पी वं. घाई नाही. आहे अजून."

त्यांनी पुन्हा ओतलं. पुन्हा तो आवाज. पाणी काठावरून सांडून फरशीवर पसरलं, त्यांचं धोतर भिजलं, तरी ते ओततच राहिले. ते घटावर वाकले होते आणि वरून थेंब पडू लागले. टप्, टप्.

प्रणाली घाबरून पुढं झाली. "बाबूजी, नाक..."

नत्थूजीनं नाकाला हात लावला. नाक कोरडं होतं. मग हात वर गेला. गाल ओले होते. ते ओल्या बोटांकडं असे पाहत राहिले जसं काही ती दुसऱ्याच कोणाची असावीत. आणि मग तो कडक माणूस, ज्यानं वर्षभर एक टिपूस खाली पडू दिला नव्हता, घटाला दोन्ही हातांनी कवटाळून मोठ्यानं रडायला लागला.

उंबऱ्यावरून रामाजी ओरडले, "नत्थू! अरे आसू पडून राहिले ना पाण्यात! खारट होईल थे! प्यावं लागंल तिले!"

"पिऊ दे," नत्थूजी म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. "खारट लागलं तर अजून तहान लागंल. अजून मागंल. मागू दे. या खेपेला मी इथंच आहो."

मग त्यांनी रिकामी बादली मागं सरकवली आणि प्रणालीला अजून पाणी आणायला सांगितलं.